वाट विचारणारा प्रवासी

गावाला जाणे आणि गावाला पोहोचणे या दोन क्रिया आपण एकाच अर्थाने वापरतो. वाहने जसजशी वेगवान झाली तसतशी पहिली क्रिया आक्रसत गेली आणि दुसरीच तेवढी उरली. हा भेद मला नव्याने जाणवला तो एका अनपेक्षित ठिकाणी, संगणकावरच्या खेळांत. धर्मगुरूने अशा विषयावर लेखणी चालवावी याचे काही वाचकांना नवल वाटेल; परंतु माझ्या भाच्याच्या संगतीने गेली काही वर्षे मी हे खेळ पाहत आणि थोडेफार खेळत आलो आहे, आणि त्यांतील एका प्रश्नाने माझा पिच्छा पुरवला आहे.

ज्यांचा या खेळांशी परिचय नाही त्यांच्यासाठी थोडे सांगतो. ‘ओपन वर्ल्ड’ म्हणवणाऱ्या रोल-प्लेइंग खेळात खेळाडूपुढे एक अख्खा मुलूख पसरलेला असतो. त्यात डोंगर, नद्या, गावे, सराया, देवळे, पडके किल्ले, सारे काही असते. खेळाडू एका पात्राची भूमिका घेतो आणि त्या मुलखात हवे तिकडे भटकतो. कोणी त्याला काम सांगते: अमुक गावच्या माणसाला हे पत्र पोहोचव, तमुक गुहेतून ती वस्तू आण. आता ती गुहा दूर आहे. तिथवर चालत जावे, की नकाशावर त्या जागेवर टिचकी मारून क्षणार्धात तिथे प्रकट व्हावे? या दुसऱ्या सोयीला ‘फास्ट ट्रॅव्हल’ असे नाव आहे. ती असावी की नसावी यावर खेळाडूंमध्ये वर्षानुवर्षे वाद चालू आहे.

सोय तशी जुनीच. बेथेस्डा या अमेरिकन कंपनीच्या ‘द एल्डर स्क्रोल्स’ मालिकेतील ‘डॅगरफॉल’ हा खेळ १९९६ साली आला. त्यातील प्रदेश इतका अवाढव्य की त्याची तुलना ब्रिटनच्या विस्ताराशी केली जाते. गावे, वाड्या आणि भुयारे मिळून सुमारे १५,००० ठिकाणे. एवढे जग माणसांच्या हातून घडणे अशक्य. ते बहुतांशी संगणकाकडूनच रचून घेतले होते. साहजिकच दोन गावांच्या मधला मुलूख ओसाड राहिला. म्हणून नकाशावर गाव निवडायचे. सावधपणे जाणार की बेफिकीरपणे, मुक्काम सरायीत करणार की उघड्यावर, एवढे ठरवायचे. मग खेळ दिवसांचा आणि खर्चाचा हिशेब मांडून तुम्हाला पोहोचते करी. येथे फास्ट ट्रॅव्हल ही चैन नव्हती. जी वाट काहीच सांगत नाही, ती चालायची तरी कशासाठी?

सहा वर्षांनी, २००२ साली, त्याच मालिकेतील ‘मॉरोविंड’ आला तो अगदी उलट विचार घेऊन. प्रदेश व्हार्डेनफेल नावाच्या एका बेटापुरता लहान केला. पण तो माणसांनी निगुतीने, हाताने मांडला. नकाशावर टिचकी मारून जाण्याची सोय काढून टाकली. वाहने मात्र ठेवली. ‘सिल्ट स्ट्रायडर’ नावाचा उंच पायांचा एक प्रचंड कीटक पोखरलेल्या कवचात उतारू घेऊन ठरावीक गावांदरम्यान ये-जा करतो. किनाऱ्यावरच्या गावांना होड्या आहेत. जादूगारांच्या संघाची माणसे पैसे घेऊन एका शहरातील आपल्या वास्तूतून दुसऱ्या शहरातील वास्तूत पाठवतात. परंतु प्रत्येकाचा मार्ग ठरलेला. आडगावी जायचे तर आधी कीटक, मग होडी आणि शेवटी पायपीट.

आणि वाट? ती विचारावी लागते. नकाशावर दिशा दाखवणारा बाण नाही. बालमोरा या गावात सुरुवातीलाच, एका प्राचीन वास्तूच्या अवशेषांतून एक पेटी आणण्याचे काम मिळते. ती वास्तू कुठे आहे हे जाणणारा माणूस तोंडी खुणा सांगतो: गावाबाहेर पडून नदी ओलांडा, मूनमॉथ किल्ल्याच्या बाजूने पुढे जा, मग दरीवरचा जुना पूल लागेल. हे रोजनिशीत नोंदले जाते आणि खेळाडू पूल शोधत निघतो. कधी अशा खुणा अपुऱ्या असतात, क्वचित चुकीच्याही. माणूस भरकटतो, भलत्याच गुहेत शिरतो, वाटेत अंधार पडतो. परंतु सांगणाऱ्याचे बोलणे त्याने लक्षपूर्वक ऐकलेले असते. न ऐकून चालतच नाही. माझ्या मते या खेळाचे मर्म येथेच आहे.

२००६ साली ‘ऑब्लिव्हियन’ आला आणि चित्र पालटले. मोठी शहरे पहिल्यापासून नकाशावर खुली झाली. इतर ठिकाणे एकदा शोधली की टिचकीसरशी गाठता येऊ लागली. शिवाय होकायंत्रावर बाण आला. २०११ च्या ‘स्कायरिम’मध्ये शहरेही आधी पाहावी लागतात किंवा भाड्याची गाडी करावी लागते, बाण मात्र कायम राहिला. या सोयीवर नेहमी होणारी टीका अशी की तिच्यामुळे सृष्टिसौंदर्य पाहायचे राहून जाते. मला ही टीका वरवरची वाटते. ज्याला चालायचे आहे त्याला कोणीही अडवत नाही. त्याने टिचकी मारू नये म्हणजे झाले. खरे नुकसान निराळ्याच जागी झाले आहे. बाण आल्यावर खेळाच्या लेखकांना वाट सांगण्याचे कारणच उरले नाही. ‘स्कायरिम’मध्ये बाणाकडे पाठ फिरवून चालू पाहणाऱ्याची पंचाईत होते, कारण पुष्कळ कामांच्या नोंदीत केवळ ठिकाणाचे नाव असते, तिथे जावे कसे याचा उल्लेख नसतो. गावकरी बोलतात खरे; पण वाटसरूला जे हवे ते बोलत नाहीत. म्हणजे सोय ऐच्छिक असली तरी तिचा परिणाम ऐच्छिक राहत नाही. जो ती वापरत नाही त्याचीही वाट ती मुकी करून टाकते.

जपानच्या फ्रॉम सॉफ्टवेअर कंपनीने २०११ साली काढलेला ‘डार्क सोल्स’ याच संदर्भात आठवतो. त्याच्या साधारण पहिल्या अर्ध्या भागात झटपट प्रवास नाहीच. ‘अनडेड पॅरिश’ या वस्तीतील चर्चमध्ये एक लिफ्ट सापडते. तासन्‌तास झुंजत तिथवर आलेला खेळाडू तिच्यात पाऊल ठेवतो आणि खाली उतरतो तो थेट फायरलिंक श्राइन या स्थळी, जिथून त्याने वाटचाल सुरू केली होती. आपण फार दूर आलो असे वाटत असताना आपण घराच्या माथ्यावरच होतो, हे कळण्याचा आनंद चालणाऱ्यालाच मिळतो. २०१४ च्या दुसऱ्या भागात मात्र पहिल्यापासूनच एका शेकोटीवरून दुसरीवर क्षणात जाता येते. आणि त्याच खेळात पवनचक्कीच्या माथ्यावरून लिफ्टने आणखी वर गेले की लाव्हारसाने वेढलेला किल्ला लागतो, ज्याचा बाहेरून कुठे मागमूसही नसतो! खेळाडू आजही त्याची थट्टा करतात. ज्या जगात चालण्याची सक्ती नाही, त्याच्या वाटा एकमेकींशी जुळवून घेण्याची निकड निर्मात्याला का वाटावी?

माझ्या भाच्याला हे सारे फारसे मान्य नव्हते. तो वसईहून मुंबईला नोकरीसाठी जातो. आधी रिक्षा, मग लोकल, पुढे बस, असे जाऊन-येऊन रोजचे चार तास. एकदा मी त्याला म्हणालो, “अरे, एवढे सुंदर रान आहे, चालत का नाही जात?” तो म्हणाला, “फादरमामा, दिवसभर मी प्रवासच करतो. रात्री जेमतेम एक तास हाती लागतो. तोही चालण्यात घालवू?”

या उत्तराला प्रत्युत्तर नाही. ज्याच्यापाशी वेळ आहे त्याने वेळ नसलेल्याला संथपणाचा उपदेश करणे सोपे असते. शिवाय एकच वाट विसाव्यांदा तुडवायला लावणे हा काही सखोल अनुभव नव्हे. कित्येक खेळांत ती केवळ तास वाढवण्याची युक्ती असते. ‘ड्रॅगन्स डॉग्मा २’ या २०२४ सालच्या खेळाचे दिग्दर्शक हिदेआकी इत्सुनो यांनी या वादात स्पष्ट भूमिका घेतली होती. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे की प्रवास कंटाळवाणा होतो तो खेळ कंटाळवाणा असेल तरच. त्यांच्या खेळात क्षणात नेणारे खडे दुर्मीळ आणि महाग. एरवी बैलगाडीने जावे, आणि वाटेत राक्षसी जनावरे गाडीवर तुटून पडतील तर झुंजावे. विचार मोठा चोख. परंतु झटपट प्रवासासाठी मुक्कामाची खूण म्हणून रोवण्याचा एक स्फटिक त्याच खेळाच्या विक्रेत्यांनी पहिल्या दिवसापासून खऱ्या पैशांना विकायला ठेवला, तेव्हा खेळाडूंमध्ये संताप उसळला. एका हाताने वाट लांब करावी आणि दुसऱ्या हाताने आडवाट विकावी, हे कोणाला रुचणार?

मग मध्यम मार्ग आहे काय? मला तो प्राग येथील वॉरहॉर्स स्टुडिओजच्या ‘किंगडम कम: डिलिव्हरन्स’ या २०१८ सालच्या खेळात सापडला. काळ १४०३ चा, प्रदेश बोहेमियाचा, विस्तार सुमारे १६ चौरस किलोमीटर. त्यातील गावे आणि साझावाचा मठ ही खरी स्थळे असून आजही प्रागच्या आग्नेयेस आहेत. नायक हेन्री हा लोहाराचा मुलगा. त्याला सुरुवातीला वाचताही येत नाही. येथे फास्ट ट्रॅव्हल आहे, पण ते फुकट नाही. नकाशावर एक छोटी आकृती वाटेवाटेने सरकत जाते. तेवढ्यात दिवस मावळतो, भूक लागते, डोळ्यांवर झोप येते, आणि मध्येच दरोडेखोर आडवे येतात. वाट आखडली तरी नाहीशी होत नाही. आणि मुक्काम केला की काहीतरी घडते. उझित्स गावच्या फादर गॉडविनबरोबर मद्यशाळेत रात्र काढल्यावर सकाळचे प्रवचन बिचाऱ्या हेन्रीच्याच गळ्यात पडते, तेव्हा आम्हा मंडळींना हसू आवरत नाही!

या खेळात पुढे ‘हार्डकोअर’ नावाची एक कठीण पद्धत जोडण्यात आली. तीत झटपट प्रवास तर नाहीच, पण नकाशावर आपण कुठे आहोत तेही दिसत नाही. ओढा, वाटेवरचा क्रूस, शेताचे कुंपण यांवरून ठरवायचे. आम्ही मामा-भाच्यांनी एक करार केला. आठवडाभर त्याने हवे तसे खेळावे. रविवारी संध्याकाळी एक तास मात्र या कठीण पद्धतीने, दोघांनी मिळून. संगणक त्याच्या हाती, वही-पेन्सिल माझ्या हाती. गावकऱ्यांना विचारावे, त्यांनी सांगितलेल्या खुणा मी टिपाव्यात आणि त्याने चालावे.

त्याचे वडील, म्हणजे माझे मेहुणे, जाऊन तेव्हा दीड वर्ष झाले होते. त्या विषयावर तो घरात कोणाशीच बोलत नसे. मी काढला तर “ठीक आहे, फादरमामा,” एवढे म्हणून उठून जाई. एका रविवारी आम्ही उझित्सहून साझावाकडे निघालो होतो. रानातली वाट, शत्रू नाही, काम नाही, काहीच घडत नव्हते. पडद्यावरची नजर न काढता तो म्हणाला, “पप्पा शेवटी घरी न्या म्हणत होते. मी डॉक्टरांचे ऐकले.”

मी काही बोललो नाही. घोडा चालत राहिला. मग आपणच तो एकेक सांगू लागला. शेवटचा आठवडा, आईपासून लपवलेले कागद, रात्री उशाशी बसून काढलेले तास. मठाचे छप्पर झाडांतून दिसेपर्यंत तो बोलत होता. नकाशावर टिचकी मारली असती तर ते अंतर काही क्षणांत सरले असते, आणि ते पहिले वाक्य बोलायला त्याला जागाच मिळाली नसती.

भाचा आजही आठवड्याच्या रात्री बिनदिक्कत टिचकी मारतो आणि मी त्याला काही म्हणत नाही. दमलेल्या माणसाला वेगाने मुक्कामी नेणारी सोय वाईट कशी म्हणावी? निर्मात्यांनी ती अवश्य द्यावी. फक्त तिच्यापायी वाट सांगणाऱ्या माणसाला खेळातून हाकलू नये, आणि दोन गावांच्या मधल्या त्या रिकाम्या रानाला निरुपयोगी समजून छाटू नये, एवढीच माझी मागणी आहे.

आणि वाचकहो, आपल्याकडेही एक मागणी आहे. आपल्या घरातील मुलगा किंवा मुलगी दार लोटून असा एखादा खेळ खेळत बसली असेल, तर ‘पुरे झाले’ म्हणण्यापूर्वी एकदा शेजारी खुर्ची ओढून बसावे. आणि पुढच्या गावाला कोणत्या वाटेने जायचे, हे त्यांनाच विचारावे.