कडी नसलेलें दार

महाबळेश्वराविषयीं आपल्या भाषेंत आजवर पुष्कळ लिहून झालें आहे. तेथील धुकें, स्ट्रॉबेरीचे मळे, निरनिराळ्या टोंकांवरून दिसणारे सूर्योदय-सूर्यास्त, क्षेत्र महाबळेश्वरीं पांच नद्यांचें एकत्र येणारें पाणी, यांपैकीं कशाचीही उपेक्षा झाली आहे असें कोणास म्हणतां येणार नाहीं. परंतु सहकुटुंब प्रवास करणाऱ्याला सूर्यास्त दिवसांतून एकदांच पाहावयाचा असतो. उतरलेल्या जागेंतील स्नानगृहाचें दार घरांतील प्रत्येकाला पांच-सात वेळां उघडावें-लावावें लागतें. त्या दाराविषयीं कोणा प्रवासलेखकानें चार ओळी लिहिल्याचें माझ्या तरी वाचनांत आलेलें नाहीं. विषय संकोचाचा आहे हें खरें. पण सर्वांनीं संकोचानें मौन धरल्यामुळेंच हें दार दिवसेंदिवस बिघडत चाललें आहे असें मला वाटतें, म्हणून ती भीड बाजूस सारून लिहितें.

गेल्या मार्गशीर्षांत आम्ही घरांतलीं सहा माणसें पुण्याहून निघालों: मामंजी, सासूबाई, हे, मी, माझा दहा वर्षांचा मुलगा आणि नणंदेची चौदा वर्षांची मुलगी. वाईवरून पसरणीचा घाट चढून, पांचगणी मागें टाकून महाबळेश्वर गांठावयाचें. अंतर सुमारें १२० किलोमीटरांचें. मामंजींचें वय ऐशीच्या घरांत, सासूबाईंना चौऱ्याहत्तरावें लागलेलें. रात्रीं-अपरात्रीं त्यांच्यापाशीं कोणी तरी असावें, म्हणून सर्वांसाठीं एकच मोठी खोली घेतली होती. तिचें नांवच मुळीं ‘फॅमिली रूम’.

मुंबईचा गव्हर्नर सर जॉन माल्कम याच्या कारकीर्दींत, १८२८-२९ च्या सुमारास, हें थंड हवेचें ठिकाण वसलें. त्या काळच्या साहेबी बंगल्यांत निजावयाच्या खोलीला लागून स्नानाची कोठडी असे आणि तिला बाहेरच्या अंगानें दुसरें दार असे. पाणी आणणारा व साफसफाई करणारा त्या दारानें येई-जाई. साहेबाच्या खोलींत त्याचें पाऊल पडत नसे. यांतला माणसामाणसांतील दुरावा कांहीं वाखाणण्याजोगा नाहीं. पण स्नान ही भिंतीआड करावयाची गोष्ट आहे, एवढें तें घर बांधणाऱ्याला ठाऊक होतें.

आम्ही उतरलों त्या हॉटेलाला मात्र तें ठाऊक नव्हतें. त्याचें नांव सांगत नाहीं, कारण अशीं हॉटेलें आतां गांवोगांव झालीं आहेत. खोली प्रशस्त होती, गाद्या-पलंगपोस स्वच्छ होते, खिडकींतून दरी दिसत होती. स्नानगृहाला खोलीच्या बाजूनें भिंतच नव्हती, कांच होती. छातीपर्यंत ती दुधट केलेली, त्याच्या वर आरपार. दार रुळावरून सरकणारें, गोदामाला असावें तसें. तें अगदीं शेवटपर्यंत ओढलें तरी भिंतीशीं बोटभर फट राही, आणि आंतून लावावयाला कडी म्हणून कोठेंच नव्हती. मामंजींनीं तें दार एकदां पाहिलें, चष्मा पुसून पुन्हां पाहिलें, आणि अवाक्षर न बोलतां बाहेरच्या बोळांत एक खुर्ची होती तिच्यावर जाऊन बसले.

व्यवस्थापक तरुण आणि सुशील होता. तो म्हणाला, “काकू, हल्लीं सगळीकडे असंच असतं. आणि सगळीं घरचींच तर माणसं आहेत!”

त्या बिचाऱ्यानें हें समजुतीचें म्हणून सांगितलें. परंतु सारा घोटाळा या एका वाक्यांत आहे. परक्यापुढें झालेला संकोच गाडी सुटली कीं मागें राहतो. घरच्या माणसांचीं तोंडें उद्यां सकाळीं चहाच्या वेळीं पाहावयाचीं असतात. सून आणि सासरा, वाढत्या वयाची भाची आणि तिचा मामा, यांच्यांत वर्षानुवर्षें जी मोकळीक असते ती कांहीं गोष्टी दाराआड राहतात म्हणूनच असते. भाची तर पहिल्याच सकाळीं मला म्हणाली, “मामी, मी बाहेर येईपर्यंत तूं इथून हलूं नकोस हं.” मी कांचेला पाठ करून, हातांत मोठा पंचा धरून, द्वारपालासारखी उभी. मुलाला त्यांत मोठी मौज वाटली. तिला वाटली नाहीं.

हीं दारें अशीं कां झालीं याचा विचार केला तर बांधणाऱ्यांच्या बाजूनेंही कांहीं कारणें आहेत. हॉटेलाच्या प्रत्येक खोलीला स्वतंत्र स्नानगृह ही सोय फार जुनी नाहीं. अमेरिकेंतील बफलो शहरांत एल्सवर्थ स्टॅटलर या गृहस्थानें १९०८ सालीं जें हॉटेल उघडलें, त्यांत मध्यम स्थितीच्या प्रवाशालाही परवडेल अशा दरांत ही सोय त्यानें दिली. त्याची युक्ति अशी कीं, शेजारच्या दोन खोल्यांचीं स्नानगृहें पाठीला पाठ लावून बांधावयाचीं आणि दोहोंचे नळ एकाच उभ्या पोकळींतून न्यावयाचे. ती रचना पुढें जगभर रूढ झाली. तींत स्नानगृह बहुधा बोळाच्या बाजूला जातें आणि खिडकी राहते खोलीच्या दुसऱ्या टोंकाला. म्हणजे स्नानगृह अंधारें. मग भिंतीच्या जागीं कांच घातली कीं उजेड आंत येतो आणि लहान खोली डोळ्यांना मोठी वाटते. दाराचेंही तसेंच. अडीच फुटी दार बिजागरीवर फिरतांना सुमारें पांच चौरस फूट जमीन अडवून ठेवतें. सरकतें दार ती वांचवतें. एकट्या व्यापाऱ्याला किंवा नवविवाहित जोडप्याला अशी खोली आवडत असेल, त्याबद्दल आपली तक्रार नाहीं. परंतु त्याच खोलींत दोन गाद्या जास्त टाकून तिला कुटुंबाची खोली म्हणावयाचें, यांत लबाडी नसली तरी आळस खास आहे. कांहीं महागड्या हॉटेलांतून यावर एक शास्त्रीय तोडगा निघाला आहे. कळ दाबली कीं कांच आपोआप दुधट होते. त्या कांचेंत विजेचा प्रवाह असेपर्यंत ती पारदर्शक राहते आणि प्रवाह तुटला कीं धुरकट होते. आपल्याकडे वीज केव्हां जाईल याचा नेम नाहीं. तेव्हां हा क्रम उलटा नाहीं हें नशीबच म्हणावयाचें!

दुसऱ्या दिवशीं दुपारीं माझ्या लक्षांत आलें कीं, सासूबाईंच्या उशाशीं ठेवलेला तांब्या सकाळपासून भरलेला तसाच आहे. विचारलें तर म्हणाल्या, “थंडींत तहान लागत नाहीं गं.” तिसऱ्या दिवशीं प्रतापगडाच्या पायऱ्या चढतांना त्यांना भोंवळ आली. यांनीं धरलें म्हणून बरें, नाहीं तर दगडी पायरीवरच पडल्या असत्या. लिंबू, साखर, मीठ घातलेलें पाणी घोट-घोट पाजल्यावर त्या थोड्या सावरल्या आणि मग हळूच माझ्या कानाशीं म्हणाल्या, “अगं, पाणी प्यालें कीं जावें लागतें. आणि त्या पेटाऱ्यांत जायचं म्हणजे...” पुढें त्या बोलल्या नाहींत. उतारवयांत तहानेची जाणीव मुळांतच मंदावते. त्यांत असें मुद्दाम कोरडें राहिलें म्हणजे भोंवळ येते, मूत्रविकार जडतात, हें कोणताही डॉक्टर सांगेल. चार आण्यांच्या सोयीपायीं केवढें संकट ओढवलें असतें!

मागच्या पिढ्या यापेक्षां मोठ्या सुखांत होत्या असें मुळींच नाहीं. पुण्याच्या वाड्यांत न्हाणीघर परसाच्या अंगाला आणि संडास त्याहूनही पलीकडे असे. पावसाळ्यांत कंदील घेऊन तेथवर जाणें म्हणजे एक प्रवासच. कित्येक न्हाणीघरांना धड कडीही नसे. परंतु दारावर टाकलेलें लुगडें पाहून, घंगाळांत बुडणाऱ्या तांब्याचा आवाज ऐकून येणारा माणूस मागच्या पावलीं फिरे. पुरुष तर दुरूनच खांकरत येत. गिरगांवच्या चाळींत हें अंतरही नव्हतें. एका खोलीचें बिऱ्हाड, कोपऱ्यांत मोरी, तिला कमरेइतका कट्टा आणि वर दोरीला अडकवलेलें जुनेर. बायकांच्या स्नानाच्या वेळीं घरांतले पुरुष वर्तमानपत्र घेऊन गॅलरींत जात आणि हांक येईपर्यंत आंत डोकावत नसत. मामंजींचें बालपण अशाच चाळींत गेलें. हॉटेलांतल्या त्या बोळांतली खुर्ची त्यांना कोणीं दाखवावी लागली नाहीं. म्हणजे कडीचें काम कोठें अंतर करी, आणि अंतर नसेल तेथें घराची रीत करी. हॉटेलच्या खोलीला अंगण नाहीं, परस नाहीं, गॅलरी नाहीं. त्या सर्वांचें काम एका कडीवर येऊन पडतें, आणि नेमकी तीच काढून टाकलेली असते.

आम्ही एक दिवस आधींच मुक्काम हलविला. आंबेनळीच्या घाटानें पोलादपूर, तेथून खेडवरून दापोली आणि समुद्रकांठीं मुरूड. महर्षि कर्व्यांचें बालपण गेलें तें हेंच मुरूड. येथें एका घरगुती निवासांत उतरलों. खोल्या साध्या, भिंती जांभ्याच्या, जेवण घरचें. न्हाणीघर मागच्या माडांच्या सावलींत, आणि त्याला फणसाच्या लांकडाचें जाड दार. आंतून वर एक कडी व खालीं एक लांकडी खिटी. सासूबाईंनीं आंत जाऊन कडी घातली, ती बसल्याचा आवाज बाहेर आम्हांला ऐकूं आला, आणि पुढें अर्धा तास त्या बाहेर आल्या नाहींत. आल्या त्या आल्या शहाळें मागितलें. एक संपल्यावर दुसरें.

त्या घरच्या बाई पन्नाशीच्या, बोलक्या. कोंकणांतल्या पावसानें लांकूड फुगतें आणि कडीचा व कोयंड्याचा मेळ बसेनासा होतो. म्हणून दरवर्षीं गणपतीपूर्वीं सुतार बोलावून सगळीं दारें तासून घेतों, असें त्यांनीं सांगितलें. नव्या बांधलेल्या दोन खोल्यांत मात्र त्यांनीं निराळ्या तऱ्हेची कडी बसविली होती. आंतून मूठ फिरवली कीं ती बंद होते. बाहेरच्या बाजूला एक बारीक खांच असते, तींत नाणें घालून फिरवलें कीं उघडते. तीं दारेंही बाहेरच्या बाजूस उघडणारीं. कारण विचारतां त्या गंभीर झाल्या. पूर्वीं त्यांच्याकडे उतरलेले एक वृद्ध पाहुणे न्हाणींत घेरी येऊन दाराशींच पडले होते. आंतून कडी, आणि दार आंत उघडणारें. त्या माणसाच्या अंगाचाच अडसर झाला. शेवटीं कौलें काढून मुलाला आंत उतरवावें लागलें. ते गृहस्थ वांचले, पण बाईंनीं त्याच महिन्यांत नवीं दारें करून घेतलीं.

हें मला फार महत्त्वाचें वाटलें. वडील माणसांच्या घरांत कडीविषयीं दोन पक्ष नेहमींच असतात. आमच्याकडेही हे मामंजींना “बाबा, कडी लावूं नका” म्हणून बजावतात आणि मामंजी न चुकतां कडी लावतात. हा हट्ट नव्हे. ऐशीव्या वर्षींही माणसाला आपलें स्नान आपलेंच असावें असें वाटतें. बाहेरून नाण्यानें उघडणारी कडी दोन्ही पक्षांचें समाधान करते, आणि ती बसवावयाला भिंत पाडावी लागत नाहीं. मामंजींनीं नातवाला आंत कोंडून खिशांतल्या रुपयानें ती तीनदां उघडून पाहिली. पुण्याला परतल्यावर आमच्या न्हाणीघरालाही तशीच कडी बसली. कांचेच्या हॉटेलांना ती आधीं कां सुचूं नये हें मला कळत नाहीं.

गेल्या महिन्यांत नरसोबाच्या वाडीला जावयाचें ठरलें तेव्हां उतरावयाच्या जागेची चौकशी करण्याचें काम सासूबाईंनीं स्वतःकडे घेतलें. पाणी गरम मिळतें का, जिने किती, हें विचारून झाल्यावर त्यांनीं फोनवर मोठ्यानें विचारलें, “न्हाणीघराला भिंत आहे का कांच? आणि आंतून कडी लागते का?” पलीकडचा माणूस प्रथम हंसला असावा. मग म्हणाला, “थांबा आजी, बघून सांगतों.” बऱ्याच वेळानें परत येऊन त्यानें सांगितलें, “भिंत आहे. कडीही आहे. पण कोयंडा निखळलाय. उद्यां सुतार बोलावतों.”