पोटरीत जागी झालेली पेशी

पोटरीचा स्नायू फाटला तेव्हा आईने फर्मान काढलं, "तीन आठवडे पाय हलवायचा नाही." तिसऱ्याच दिवशी फिजिओताईंनी पावलाला टॉवेल अडकवून तो हळूच स्वतःकडे ओढायला लावला. फाटलेल्या जागेला ताण? का? त्यांनी जे सांगितलं, त्यापायी तीन रात्री मी वाचत बसलोय!

स्नायूच्या तंतूला चिकटून, त्याच्या आवरणाखालच्या फटीत, पेशी झोपलेल्या असतात. १९६१ साली अलेक्झांडर मॉरो यांना बेडकाच्या पायात त्या इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली दिसल्या. नाव पडलं सॅटेलाइट सेल. स्नायू फाटला की त्या जाग्या होतात, एकीच्या अनेक होतात, एकमेकींत मिसळून नवा तंतू घडवतात. माझ्या पोटरीत, आत्ता, हे लिहिताना!

त्याच जागी कोलॅजनचं ठिगळही बसत असतं. ते हवंच, नाहीतर फाटकी टोकं कोण धरून ठेवणार? पण टीजीएफ-बीटा नावाच्या प्रथिनाचा जोर वाढला की ठिगळ फोफावतं, ताठ होतं आणि नव्या तंतूंची वाट अडवतं. हा जोर कमी करणारं एक औषध पाहून मी उडालोच: लोसार्टन! बाबांची बीपीची गोळी! जखमी उंदरांना ती दिल्यावर व्रण कमी झाला आणि स्नायू जास्त भरून आला. माणसाच्या फाटलेल्या स्नायूसाठी ती अजून रुळलेला उपचार नाही, त्यामुळे बाबांच्या डबीला कुणी हात लावू नये. पण केवढी वाट उघडली आहे!

आणि हालचाल? फिनलंडच्या यार्विनेन यांच्या प्रयोगांत उंदरांना लगेच हलवलं तर व्रण मोठा झाला. थोडे दिवस विश्रांती देऊन हलवलं तर नवे तंतू सरळ ओळीत वाढले. म्हणजे आईचंही थोडं खरंच. पण थोडंच! डेन्मार्कमध्ये मांडी किंवा पोटरी दुखावलेल्या ५० हौशी खेळाडूंपैकी काहींचा व्यायाम इजेनंतर २ दिवसांनी सुरू केला, बाकीच्यांचा ९ दिवसांनी. २०१७ साली निकाल छापून आला. लवकर सुरुवात करणारे साधारण ६२ दिवसांत मैदानावर परतले, उशिरा करणारे ८३. फक्त आठवडाभर आधी सुरुवात, आणि तीन आठवड्यांची कमाई!

आज सहावा दिवस. मी टॉवेल ओढतो, आई दारातून बघते.

"दुखतंय का रे?"

"नाही गं, ताण बसतोय."