ओल्या केसांची वेणी

केस गळूं लागले कीं आमच्या एकत्र कुटुंबांत दोष आधीं पाण्याला, मग साबणाला आणि शेवटीं दैवाला दिला जातो. फणीचें नांव कोणी काढीत नाहीं. वास्तविक केस महिन्याला सुमारें एक सेंटिमीटर वाढतो. म्हणजे कमरेपर्यंत पोंचलेल्या वेणीचें टोंक पांच-सहा वर्षांचें जुनें असतें. शिवाय त्वचेबाहेर आलेला केस निर्जीव. हाड मोडलें तर सांधतें, केस सांधत नाहीं. भिजलेला केस तर अधिक ताणतो व लवकर तुटतो. तरीहि न्हाऊन येतांच वरून खालीं फणी ओढण्याची आपली केवढी घाई!

आमच्या पुतणीच्या कानशिलांवरचे केस विरळ झाले, तेव्हां जाऊबाईंनीं तेल बदललें. मला मात्र नृत्याच्या वर्गासाठीं रोज आवळून बांधलेल्या तिच्या अंबाड्याचाच संशय होता. मुळांवरचा असा ताण वर्षानुवर्षें राहिल्यास तेथें केस पुन्हां उगवेनासे होतात, असें डॉक्टरीणबाईंनीं सांगितलें. तें ऐकून सासूबाईंनीं नकळत स्वतःच्या कपाळावरून हात फिरविला. पन्नास वर्षांच्या अंबाड्यानें त्यांच्या केसांची रेघ केव्हांच मागें सरली होती.

पुतणी आतां केस पंचानें टिपते, वाळल्यावर टोंकाकडून विंचरते व वेणी सैल घालते. केस वाळविण्याचें तें गरम हवेचें यंत्र मात्र तिनें अद्याप सोडलेलें नाहीं.