खोली कोणाच्या नावानं?

आमच्या लहानपणी नागपूरजवळच्या वाडीत एकट्या बाईच्या नावानं घर असायचं ते बहुधा एकाच कारणानं. नवरा नोकरीत असताना गेला, बाईला अनुकंपावर फॅक्टरीत घेतलं आणि क्वार्टर तिच्या नावानं झालं.

फॅक्टरी म्हणजे अंबाझरीची ऑर्डनन्स, 1966 सालची. तिच्या वसाहतीला अख्खी वाडी ‘डिफेन्स’च म्हणते. शेजारच्या मावशींचं असंच झालं होतं. तिशीतली बाई, पदरी दोन पोरं, शिक्षण सातवीपर्यंत. भोंगा व्हायच्या आत डबा भरून सायकलवर निघायच्या. क्वार्टर केवढं, तर एक खोली, स्वयंपाकघर, मागं न्हाणी-संडास आणि पेरूचं झाड. लायसन्स फी पगारातूनच कटायची आणि घरभाडं भत्ता मिळायचा नाही, एवढाच काय तो हिशेब. एक तारखेला दारात कोणी किराया मागायला उभं नसायचं. नळ गळाला की इस्टेट ऑफिसात चिठ्ठी टाकायची. माणूस चार दिवसांनी यायचा, पण यायचा.

बोलणारे बोलायचेच. “हिचा भाऊ बराच येऊन राहिला आजकाल.” मावशी ऐकायच्या आणि दोरीवर कपडे टाकत राहायच्या. बोलणाऱ्यांच्या हातात त्यापुढं काही नव्हतं. घर सरकारचं होतं.

पण त्या दिवसांचे फार गोडवे गाऊ नयेत. नवऱ्यानं टाकलेल्या बाईला कसलं क्वार्टर? तिचा नवरा तर जिवंत असायचा! ती भावाच्या घरी मागच्या पडवीत राहायची, आणि वहिनी भांडली की चार दिवस बहिणीकडं. मावशींनाही रिटायर झाल्यावर क्वार्टर सोडावं लागलं. फंडाच्या पैशातून त्यांनी दत्तवाडीत प्लॉट घेतला. तेव्हा तेवढ्या पैशात प्लॉट यायचा.

आता वाडी ओळखू येत नाही. नागपूरच्या जकातीच्या हद्दीबाहेर म्हणून ट्रान्सपोर्टवाल्यांनी इथं गोदामं टाकली होती. जकात गेली, गोदामं वाढतच गेली. ग्रामपंचायतीची नगर परिषद झाली, अमरावती रोडवर उड्डाणपूल आला, फॅक्टरी 1 ऑक्टोबर 2021 पासून यंत्र इंडिया लिमिटेडमध्ये गेली. बायांना काम मिळतं. गोदामात पॅकिंगचं, हिंगणा एमआयडीसीत ठेकेदाराकडचं. पण ठेकेदार क्वार्टर देत नाही.

मागच्या पावसाळ्यात ओळखीतल्या एका मुलीसोबत खोल्या पाहत फिरले. यवतमाळकडची, घटस्फोट झालेला, दहा वर्षांचा मुलगा, पगार अकरा हजार. पहिल्या घरी चहा मिळाला.

“मिस्टर कुठं असतात?”

“नाहीत.”

“नाहीत म्हणजे?”

घरमालकीण जीवाची चांगली होती. “ताई, खोली रिकामीच आहे, पण यांना विचारावं लागेल,” म्हणाली. यांनी फोनवरच नाही सांगितलं. दुसरीकडं खोली लगेच मिळत होती, पण दाराची कडी आतून बसत नव्हती, संडास अंगणापलीकडं आणि समोर रात्रभर ट्रक उभे. तिसऱ्या ठिकाणी किराया साडेतीन हजार, दोन महिन्यांचा अॅडव्हान्स, लाइटबिल वेगळं. “आम्ही फॅमिलीलाच देतो,” मालक म्हणाले. तिनं मुलाच्या डोक्यावर हात ठेवला. “मग हे काय आहे काका?”

नोकरदार बायांच्या वसतिगृहांची केंद्राची योजना 1972-73 पासूनची आहे. 2022 पासून मिशन शक्तीत तिचं नाव सखी निवास. किराया पगाराच्या हिशेबानं ठरतो: एकटीच्या खोलीला फार तर 15 टक्के, दोघींच्या खोलीला 10, मोठ्या खोलीत साडेसात. अकरा हजारांवर 15 टक्के म्हणजे साडेसोळाशे. मी हे सांगितलं तेव्हा तिनं योजनेचं नाव पहिल्यांदा ऐकलं. मुलगी असेल तर 18 वर्षांपर्यंत सोबत राहू शकते, मुलगा 12 पर्यंतच. तिच्या पोराला दोन वर्षं उरली होती. बारा वर्षांचं पोर आईपासून वेगळं कुठं ठेवायचं, हे नियम करणाऱ्यानं स्वतःच्या घरी विचारलं असतं तर बरं झालं असतं.

शेवटी तिसरी खोलीच मिळाली. अट एकच होती, भावाचं आधार कार्ड द्यायचं. भाऊ राहतो पांढरकवड्याला, त्यानं खोली पाहिलेलीही नाही. मालकाच्या वहीत नाव मात्र त्याचं, पैसे हिचे. लेखी करार नाहीच. महाराष्ट्राच्या 1999 च्या भाडे नियंत्रण कायद्यात करार लेखी करून त्याची नोंदणी करायची जबाबदारी मालकावर टाकली आहे, आणि तो नसेल तर उलट सिद्ध होईपर्यंत किरायदाराचं म्हणणं खरं धरायचं असं लिहिलंय. पण ते मालकाला ऐकवायचं तर पुढची खोली आधीच शोधून ठेवलेली हवी.

अॅडव्हान्स मोजून घेताना मालकांनी सांगून टाकलं, “मेट्रो दत्तवाडीपर्यंत येऊन राहिली. ती आली की किराया हाच नाही राहणार, आधीच सांगून ठेवतो.”