राजेसाहेब कॅप्टन, बाकीचे अकरात

कापूस घरात आला की आपल्याकडे टेनिस बॉलच्या टुर्नामेंट सुरू होतात. कुठे आमदार चषक, कुठे अध्यक्ष चषक, कुठे कुणाच्या तरी वाढदिवसानिमित्त. आपल्याच जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी गेल्या हंगामात मी सामने पाहायला गेलो होतो. पत्रकावर मान्यवरांची नावं मोजली, 27 भरली. खेळणाऱ्या एकाही पोराचं नाव नव्हतं. टॉस दहाला होता, झाला साडेबाराला. शेजारी बसलेले एक काका म्हणाले, "सायेब आल्याबिगर टॉस होत नाही भाऊ. पहिला बॉल त्याइलेच खेळाचा असते." साहेब आले, पॅड न बांधता उभे राहिले, तिसऱ्या प्रयत्नात बॅटला बॉल लागला, फटाके फुटले. तोवर पोरं दोन तास उन्हात.

राग वगैरे आला नाही. मला आठवले विजयनगरमचे महाराजकुमार.

क्रिकेट हा मुळात बड्यांच्या पैशावर वाढलेला खेळ. अठराव्या शतकात इंग्लंडमधले उमराव हजार हजार गिनींच्या पैजा लावून सामने भरवायचे आणि चांगले खेळाडू आपल्या पदरी ठेवायचे. लम्पी स्टीव्हन्स हा त्या काळातला नावाजलेला गोलंदाज, पण कागदोपत्री तो अर्ल ऑफ टँकरव्हिलचा माळी. लॉर्ड फ्रेडरिक ब्यूक्लार्क तर पाद्री होता आणि क्रिकेटच्या पैजांतून वर्षाला 600 गिनी कमावतो असं स्वतःच सांगायचा. तरी तो 'हौशी', आणि पोटासाठी खेळणारा माळी तो 'व्यावसायिक'. हौशी म्हणजे जेंटलमन, व्यावसायिक म्हणजे प्लेयर. दोघांच्या ड्रेसिंग रूम वेगळ्या, मैदानात उतरायची दारंसुद्धा बऱ्याच ठिकाणी वेगळी. हा भेद इंग्लंडने अधिकृतपणे मोडला 1962 साली. म्हणजे आपल्याकडे राज्यघटना येऊन बारा वर्षं झाल्यावर.

ही पद्धत जशीच्या तशी आपल्याकडे आली, उमरावांच्या जागी राजे बसले. 1911 साली पहिला सर्वजातीय भारतीय संघ इंग्लंडला गेला. कर्णधार पतियाळाचे महाराज भूपिंदरसिंग, वय 19. महाराज बराच वेळ मेजवान्यांत रमले होते. गोलंदाजीचं ओझं वाहिलं पळवणकर बाळू यांनी. चर्मकार समाजातला, पुण्यात गोऱ्यांच्या क्लबात मैदानाची कामं करता करता नेटमध्ये गोलंदाजी शिकलेला हा माणूस. त्याने त्या दौऱ्यात शंभराहून जास्त बळी घेतले. पुण्यात हिंदूंच्या संघाकडून खेळताना याच बाळूंना चहा बाहेर, वेगळ्या मातीच्या भांड्यात मिळायचा. हिंदू संघाचं कर्णधारपद त्यांना कधीच पूर्णपणे मिळालं नाही. ते मिळालं त्यांचे भाऊ विठ्ठल यांना, 1923 मध्ये, तेही बऱ्याच वादावादीनंतर. (पुढे 1937 च्या निवडणुकीत बाळू मुंबईत बाबासाहेबांविरुद्ध उभे राहिले आणि थोडक्यात हरले. तो वेगळ्या पोस्टचा विषय आहे.)

आता आपल्या घरचा माणूस. सी. के. नायडू. जन्म नागपूर, 1895. पुढे नागपूर मध्य प्रांत आणि वऱ्हाडची राजधानी झालं, आणि यवतमाळ त्या वऱ्हाडात. त्यामुळे नायडू 'आपले' म्हणायचा हक्क मी सोडणार नाही, इंदूरवाले काही म्हणोत. डिसेंबर 1926 मध्ये मुंबईला बॉम्बे जिमखान्यावर गिलिगनच्या एमसीसी संघाविरुद्ध त्यांनी 153 धावा केल्या, त्यात 11 षटकार, आणि वेळ दोन तासांच्या आत. त्या एका खेळीनंतर भारताला कसोटीचा दर्जा मिळावा ही चर्चा जोरात सुरू झाली.

मिळाला 1932 मध्ये. पण कर्णधार कोण? पोरबंदरचे महाराज. उपकर्णधार लिमडीचे राजपुत्र. नायडू राजघराण्यातले नाहीत, म्हणून मागे. पोरबंदरचे महाराज मात्र शहाणा माणूस. दौऱ्यातल्या त्यांच्या धावांपेक्षा त्यांच्या रोल्स रॉइस जास्त अशी थट्टा लोक करायचे, आणि ते त्यांनाही कळत असावं. 25 जून 1932 ला लॉर्ड्सवर पहिली कसोटी आली तेव्हा ते बाजूला झाले आणि नागपूरचा माणूस भारताचा पहिला कसोटी कर्णधार झाला. हाताला दुखापत असताना नायडूंनी पहिल्या डावात 40 केल्या, संघात सगळ्यांत जास्त. आपण हरलो 158 धावांनी, पण कुणी हसलं नाही.

पोरबंदरकरांबद्दल मला खरंच आदर आहे. खुर्ची मिळाल्यावर "हे माझं काम नाही" म्हणणारा माणूस आजही दुर्मीळ. आपल्या जिल्ह्यात शोधायला निघालो तर गाडीतलं पेट्रोल संपेल.

आणि मग 1936. विजय आनंद गजपती राजू, म्हणजे विझी. यांनी क्रिकेटसाठी पैसा ओतला हे मान्य केलं पाहिजे. जॅक हॉब्ज आणि सटक्लिफसारख्यांना त्यांनी स्वतःच्या संघातून खेळायला भारतात आणलं होतं. पण त्या पैशाचा मोबदला त्यांना हवा होता कर्णधारपदात. मंडळात मतांची जुळवाजुळव झाली आणि इंग्लंड दौऱ्याचे कर्णधार विझी झाले. वयाची चाळिशी गाठलेले नायडू त्यांच्या हाताखाली.

पुढचं सगळं आपल्याला ओळखीचं वाटेल. संघात दोन गट. साहेबांपुढे मान डोलावणाऱ्यांना खेळायला मिळायचं. बाका जिलानी नावाच्या खेळाडूने नाश्त्याच्या टेबलवर नायडूंचा अपमान केला आणि बक्षीस म्हणून त्याला कसोटीत घेतलं, असं आजवर सांगितलं जातं. आणि लाला अमरनाथ! भारताचं पहिलं कसोटी शतक ठोकणारा, त्या दौऱ्यात एसेक्सविरुद्ध दोन्ही डावांत शतकं केलेला. लॉर्ड्सवर मायनर काउंटीजच्या सामन्यात त्याला पॅड बांधून बसवून ठेवलं आणि एकामागून एक दुसऱ्यांना पाठवलं. दिवस संपता संपता त्याला खेळायला मिळालं. परत आल्यावर तो ड्रेसिंग रूममध्ये भडकला, सामान आपटलं. कर्णधार आणि व्यवस्थापक मेजर ब्रिटन-जोन्स यांनी त्याला पहिल्या कसोटीआधीच बोटीने घरी पाठवून दिलं.

तीन कसोटीत विझींच्या धावा 33. मालिका 0-2 ने गेली. त्याच वर्षी सरकारने विझींना 'सर' केलं. पुढे चौकशी समितीने विझींच्या नेतृत्वावर ठपका ठेवला आणि अमरनाथला दोषमुक्त केलं, पण तोवर दौरा संपला होता. गेलेल्या तीन कसोट्या अमरनाथला कोण परत देणार?

विझींचं काय झालं? क्रिकेट मंडळाचे अध्यक्ष झाले, खासदार झाले, पद्मभूषण मिळालं, रेडिओवर समालोचनही केलं. आपल्याकडे पडलेल्या माणसाचं पुनर्वसन नेहमी वरच्याच मजल्यावर होतं.

कुणी म्हणेल, राजे गेले, आता कशाला उकरून काढता? शिवाय पैसेवाल्यांशिवाय स्पर्धा होतात का? नाही होत. मंडप, बॉल, ट्रॉफी, जेवण, सगळ्याला खर्च येतो, आणि देणगी देणाऱ्याचं नाव बॅनरवर असावं, माझं काही म्हणणं नाही. पतियाळाच्या महाराजांनीच रणजी ट्रॉफी दिली. तीच ट्रॉफी विदर्भाने 1 जानेवारी 2018 ला पहिल्यांदा जिंकली, इंदूरच्या होळकर स्टेडियमवर, नायडूंच्या कर्मभूमीत. त्या संघात खाणकामगाराचा मुलगा उमेश यादव होता. दोन्ही हातांनी गोलंदाजी करणारा आपल्या जिल्ह्यातला अक्षय कर्णेवार विदर्भाकडून खेळतोच. ट्रॉफी राजाची असली म्हणून टॉसला राजा लागत नाही.

अडचण देणगीत नाही. अडचण तेव्हा होते जेव्हा देणगीदाराचा पुतण्या ओपनिंगला येतो आणि घाटंजीहून पहाटेच्या एसटीने आलेला पोरगा "पुढच्या मॅचला बघू" ऐकून बाउंड्रीवर पाणी देत बसतो. हे मी पाहिलंय, तुम्हीही पाहिलं असेल. तो पोरगा अमरनाथसारखा सामान आपटत नाही. पुढच्या वर्षी येत नाही, एवढंच.

येत्या हंगामात ज्यांच्या गावात टुर्नामेंट आहे त्यांना दोन साध्या गोष्टी सुचवतो. पत्रकावर प्रत्येक संघाच्या अकरा जणांची नावं छापा, मान्यवरांच्या खाली का होईना. आणि उद्घाटनाचा पहिला बॉल ज्याने पिचवर रोलर फिरवला त्याला खेळू द्या. कुणी केलं तर फोटो टाका, मला टॅग करा. टॉस वेळेवर होणार असेल तर मी स्वतः येतो, खुर्ची नको.