जुनीं नाणीं आणि त्यांचें मोल

कांहीं ना कांहीं गोळा करण्याची हौस मनुष्याच्या अंगीं उपजतच असते. लहान मुलें नदीकांठचे गोटे आणि मोराचीं पिसें जमवितात, थोडीं मोठीं झालीं म्हणजे टपालाचीं तिकिटें जमवितात, आणि प्रौढ माणसें तर काय काय जमवितात हें सांगावयास नकोच! आम्हांस गेल्या वीस वर्षांपासून जुन्या नाण्यांचा नाद आहे. आमचा हा अल्पसा संग्रह वर्गांत नेऊन दाखविला म्हणजे विद्यार्थी प्रथम एकच प्रश्न विचारतात, “सर, ह्याचे आतां किती रुपये येतील?” प्रश्न अगदीं स्वाभाविक आहे. तथापि किंमत निराळी आणि मोल निराळें, हें ज्यास उमगलें त्यासच ह्या छंदाची खरी गोडी कळली असें आम्ही मानतों.

आमच्या डब्यांतील सर्वांत स्वस्त नाणें म्हणजे मध्यें भोंक असलेला तांबडा पैसा. मुलांना तो खेळण्यांतला वाटतो. परंतु १९४३ सालीं महायुद्धामुळें धातूची चणचण भासूं लागली, म्हणून सरकारनें पैशाचें पोटच कापून टाकिलें आणि तांबें वांचविलें! त्याच युद्धाची खूण रुपयावरहि दिसते. पूर्वीच्या रुपयांत बारा भागांत अकरा भाग शुद्ध चांदी असे. १९४० मध्यें ती निम्म्यावर आली, आणि १९४७ मध्यें रुपया निकेलचा झाला. युरोपांत तोफा कडाडल्या आणि आमच्या खेड्यांतील शेतकऱ्याच्या कनवटीचा रुपया हलका झाला. सोळा आण्यांचा, चौसष्ट पैशांचा आणि एकशें ब्याण्णव पयांचा तो रुपया १ एप्रिल १९५७ पासून शंभर नव्या पैशांचा झाला. चवली, पावली, अधेली हीं नाणीं व्यवहारांतून गेलीं. पण ‘सोळा आणे खरें’ आणि ‘पै न पै चुकती केली’ असें आपण अजूनहि म्हणतों. नाणें मरतें, परंतु भाषेंत त्याचा आवाज घुमत राहतो.

आतां ह्याहून फार जुनी गोष्ट पाहूं. १९०६ सालीं नाशिक जिल्ह्यांतील जोगळटेंभी येथें चांदीच्या नाण्यांचा एक मोठा सांठा सांपडला. त्यांत १३,००० हून अधिक नाणीं होतीं. तीं क्षहरात वंशांतील नहपान राजाचीं. एका बाजूस राजाचा मुखवटा, आणि कांठानें ग्रीक, ब्राह्मी व खरोष्ठी अशा लिप्यांतील अक्षरें. परंतु नवल असें कीं, त्यांतील ९,००० हून अधिक नाण्यांवर दुसऱ्या राजाचा ठसा मारलेला होता! एका बाजूस तीन कमानींचा डोंगर, दुसऱ्या बाजूस चार वर्तुळें जोडलेलें चिन्ह, आणि नांव गौतमीपुत्र सातकर्णीचें. जिंकणाऱ्या राजानें शत्रूचीं नाणीं वितळविण्याचा खटाटोप न करितां त्यांवरच आपलें नांव उठविलें. नाशिकच्या पांडवलेण्यांत त्याची माता गौतमी बलश्री हिचा शिलालेख आहे. आपल्या पुत्रानें क्षहरात वंश निर्मूल केला असें त्यांत म्हटलें आहे. आईनें पुत्राची केलेली स्तुति कोणी अतिशयोक्ति म्हणून सोडून दिली असती. परंतु हजारों नाण्यांनीं तिच्या बाजूनें साक्ष दिली. रेव्हरंड एच. आर. स्कॉट ह्यांनीं मुंबईच्या रॉयल एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकांत ह्या सांठ्याचें सविस्तर वर्णन केलें. एवढा सांठा एके ठिकाणीं पाहावयास मिळाला म्हणूनच हें काम साधलें. तो घरोघर वांटला जाऊन मुशींत गेला असता तर ही साक्ष कायमचीच मुकी झाली असती.

म्हणूनच विद्यार्थिमित्रांना आमची विनंति आहे. घरीं जुनें नाणें आढळलें तर चिंच लावून घासूं नका. घासण्यानें अक्षरें झिजतात आणि नाण्याची वाचा जाते. शेतांत नांगराला हंडा लागला तर सोनाराकडे धांव घेऊं नका. १८७८ च्या कायद्याप्रमाणें जमिनींत सांपडलेलें दहा रुपयांहून अधिक किमतीचें धन जिल्हाधिकाऱ्यांस कळविणें बंधनकारक आहे. आणि बाजारांत कोणी स्वस्तांत शिवराई देऊं लागला तर आधीं जाणत्यास दाखवा. एका बाजूस ‘श्री राजा शिव’ व दुसऱ्या बाजूस ‘छत्रपति’ अशीं अक्षरें असलेला हा तांब्याचा पैसा महाराजांच्या पश्चातहि दीर्घकाळ त्याच नांवानें पाडला जात होता. त्यामुळें प्रत्येक शिवराई महाराजांच्या हयातींतील नसते, हें ध्यानांत ठेवावें.

शेवटीं आमच्या संग्रहांतील एका सोन्याच्या नाण्याविषयीं सांगतों. आमच्या आजीजवळ पुतळ्यांची माळ होती. पुतळी म्हणजे मुळांत व्हेनिस नगराचें डुकाट नांवाचें नाणें. १२८४ सालीं तें प्रथम पाडलें गेलें, आणि १७९७ सालीं तें प्रजासत्ताक लयास जाईपर्यंत चालू राहिलें. साडेतीन ग्रॅम वजनाचें, जवळजवळ शुद्ध सोन्याचें. त्यावर संत मार्कापुढें गुडघे टेकलेला व्हेनिसचा अधिपति आणि मागें ताऱ्यांमध्यें उभा प्रभु ख्रिस्त. मसाले आणि कापड ह्यांच्या व्यापारांतून हें नाणें आपल्या बंदरांत आलें; त्यावरील आकृति पाहून लोकांनीं त्यास पुतळी म्हटलें आणि बायकांनीं गळ्यांत घातलें.

आम्ही कॉलेजांत जावयाचे त्या वर्षीं पाऊस रुसला. फी कोठून आणावी ह्या विवंचनेंत वडील होते. आजीनें ती माळ मोडली. वडील नको नको म्हणाले, तेव्हां ती एवढेंच बोलली, “अरे, माळ घालून मी आतां कोठें मिरवणार आहें?” एक पुतळी तेवढी तिनें ठेवून घेतली, आणि आम्ही पदवीधर झालों त्या दिवशीं ती आमच्या हातावर ठेविली. पुढें आम्हीं ती एका जाणत्या गृहस्थांस दाखविली. भिंगांतून पाहून ते म्हणाले, “ही व्हेनिसची नव्हे. इकडच्याच कोण्या सोनारानें नक्कल केली आहे. लॅटिन अक्षरें नुसतीं रेघोट्या आहेत.” मग त्यांनीं ती कसास लाविली आणि हंसून म्हणाले, “सोनें मात्र चोख आहे हो!”

त्या अनाम सोनारास लॅटिन येत नव्हतें, पण त्यानें सोन्यांत खोट केली नाहीं. विद्यार्थ्यांनो, अक्षरें सुबक आणि धातु हिणकस, असें मात्र आपलें होऊं देऊं नका.

आमचे संग्राहक मित्र हळहळतात कीं, ती माळ अखंड राहती तर केवढी शोभा आली असती! आम्हांस तसें वाटत नाहीं. नाणें हातोहात फिरून कोणाची तरी नड भागविण्यासाठींच जन्मास येतें, आणि त्या पुतळ्यांनीं आपलें काम चोख बजाविलें. येत्या सुटींत आपापल्या आजीआजोबांस विचारा, घरांत एखादें जुनें नाणें आहे काय. सांपडल्यास तें कोणाकडून आलें आणि कोणत्या प्रसंगीं जपून ठेविलें, हें चिठ्ठीवर लिहून त्यासोबत ठेवा. राजांचे इतिहास लिहिणारे पुष्कळ आहेत. घरचा इतिहास आपणच लिहावयाचा असतो.