हलकं धान, भारी धान अन् लग्नाच्या ऑर्डरी



कोणतं धान लावायचं, हे मी लग्नसराई पाहून ठरवतो. हसू नका. आमच्या अर्जुनी मोरगावकडं हलकं धान दिवाळीच्या आसपास निघते, भारी धान तुळशीच्या लग्नापर्यंत बांधीत राहते. अन् तुळशीचं लग्न झालं की माणसांची सुरू. मंडई, नाटकंही तेव्हाच. मी लग्नाची शूटिंग करतो, गावच्या नाटकात पेटी वाजवतो. म्हणून वरच्या बांध्यांत हलकंच. उतारा कमी येते, मान्य. पण ऑर्डरीचे पैसे रोख असतात. धानाचे चुकारे येईपर्यंत मजुरी त्यातूनच निघते.

खोलगट बांधीत हलकं लावलं तर ते पाण्यातच पिकते, तिथं भारीच लागते. मागच्या हंगामात त्याच्या कडपा पडून होत्या, आभाळ भरून आलं, अन् त्याच दिवशी लग्नाची ऑर्डर. मंगलाष्टकं कोणी दुसऱ्यांदा म्हणत नाही. मी मांडवात, घरचे न् शेजारी बांधीत. रात्री परतलो तर पुंजणं रचून वर ताडपत्री. थोड्या कडपा भिजल्याच. त्या ऑर्डरीच्या पैशातला पहिला हिस्सा बायकोनं घेतला, रास्तच होतं.

कॅमेरा बांधीतही कामी येते. तुडतुडे चुडाच्या बुडाशी बसतात, धुऱ्यावरून दिसत नाहीत. चूड बाजूला सारून बुडाचा फोटो काढतो, कृषी सहायकाला पाठवतो, मगच फवारणीचं पाहतो.

पेटीचं काय मिळते? चहा अन् रात्रभर जागरण. पण 2023 ला झाडीपट्टीच्या परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली, तेव्हापासून घरचे त्यावर कमी बोलतात.